हळदीने काढलेल्या चित्रांचा रंग उडतोय, काय करू?

पिवळी_वही
नमस्कार, मी सांगलीची, वय २१. दिवसभर झेरॉक्सच्या दुकानात कामाला असते, त्यामुळे सकाळी साडेसहा ते आठ एवढाच वेळ चित्राचा. घाटावर जाऊन बसते, आयर्विन पूल, नावा, पोहायला येणारी पोरं, जे समोर असेल ते काढते. दुकानातले पाठकोरे कागद शिवून छोट्या वह्या करते, त्या भरत आल्या की पुढची.

यंदा ठरवलं की दर रविवारी एक चित्र फक्त हळदीत काढायचं. पप्पा हळद पॉलिशच्या कारखान्यात आहेत, हळकुंडं ड्रममध्ये घोळताना जे तुकडे पडतात त्यातली मूठभर आणतात, मी ते मिक्सरला काढून वस्त्रगाळ करते, डिंकाच्या पाण्यात घोटते आणि त्याने रंगवते. सुरुवातीला असला झणझणीत पिवळा येतो ना की विकतच्या ट्यूबमध्ये तसला मिळतच नाही, आणि मला ते आवडतं कारण तो आमच्या घरातला रंग आहे, पप्पांच्या शर्टाला, नखांना, सायकलच्या सीटला सगळीकडे तोच असतो.

पण दिवाळीला आत्याला एक चित्र फ्रेम करून दिलं होतं, खिडकीसमोरच्या भिंतीवर लावलं होतं तिने. परवा गेले तर पुलाच्या कमानी आहेत, पेनाच्या रेघा आहेत, आणि पिवळा जवळजवळ गेलाय. फ्रेम उघडून बघितली तर कडेला पट्टीखाली जेवढा भाग झाकला होता तेवढाच अजून तसाच पिवळाधमक. आत्या काही बोलली नाही पण मला फार वाईट वाटलं. तुरटी घातली तर टिकेल का? वरून वार्निश मारू का? अशी १९ चित्रं झालीत माझी, पुढची काढायची का थांबवायची तेच कळेना.

बोर्डवाले_काका
पोरी, मी साताऱ्याला ३० वर्षं दुकानांचे बोर्ड रंगवले, तेव्हा ऊन कोणता रंग खातं ते मला चांगलं माहिताय. वार्निशने काही होणार नाही, ते पाण्यापासून वाचवतं, उन्हापासून नाही. तुरटीने कापडावर हळद जरा घट्ट बसते पण ऊन तिला तरीही खातंच. नवरीची हळदीची साडी उन्हात वाळत घातली की डाग फिके होतात ते बघितलंच असशील.

तुला घरचाच पिवळा पाहिजे असेल तर पिवडी घे. पूर्वी भिंतींना पिवडी आणि काव लावायचे, ती माती आहे, तिच्यात लोखंडाचा अंश असतो आणि तो उन्हाने हलत नाही. अजिंठ्याच्या लेण्यांत पण पिवळा नि तांबडा मातीचाच आहे, इतकी शतकं झाली तरी दिसतोय. ट्यूब घेतलीस तर मागे बारीक अक्षरात रंगाचा कोड असतो, पी वाय ४२ किंवा ४३ लिहिलंय का बघ, ती पिवडीच. हळदीसारखी भडक नाही, जरा मातकट वाटेल, पण आत्याच्या भिंतीवर राहील. आणि चित्र बंद करू नको, सकाळी उठून घाटावर जाणारी पोरं आता कमी राहिलीत.

मिरजेच्या_मॅडम
मी अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवते. काका बरोबर बोलले, फक्त कारण सांगते. हळदीतला पिवळा म्हणजे कर्क्युमिन, उजेडात त्याचे रेणू तुटतात आणि तुटलेले तुकडे पिवळे दिसत नाहीत. त्याच्यावर उपाय नाही गं. पण तू जे पट्टीखालचं लिहिलंस ना, तेच वाचून मला तुला लिहावंसं वाटलं. ऊन लागलं तिथे गेला, झाकलं तिथे राहिला, म्हणजे उन्हाने चित्र काढलं की तुझ्यासाठी! याला अँथोटाइप म्हणतात, १८४२ मध्ये जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञांनी फुलापानांच्या रसावरचे असे प्रयोग प्रसिद्ध केले होते.

करून बघ. सर्जिकल स्पिरिट आण, कारण कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, तुझ्या डिंकाच्या पाण्यात ते नुसतं तरंगतं. दोन चमचे हळद साधारण १०० मिली स्पिरिटमध्ये हलवून ठेव, खाली बसली की वरचं कापडातून गाळून घे. खिडकी उघडी ठेवून कर आणि जवळ गॅस पेटवलेला नको, हे विसरू नकोस. रुंद ब्रशने जाड कागदावर दोन हात दे, अंधाऱ्या खोलीत वाळव. मग वर झाडाचं पान ठेव, त्यावर काच, क्लिपा लाव आणि गच्चीत ठेव. आपल्याकडच्या उन्हात दोन-तीन तासांत फरक दिसायला लागतो, थंडीत जास्त लागतील.

आणि तू झेरॉक्सच्या दुकानात आहेस ना? मग पानाची पण गरज नाही. तुझं पेनाचं चित्र ट्रान्स्परन्सी शीटवर, म्हणजे आरपार दिसणाऱ्या प्लास्टिकच्या शीटवर काढ. काळी रेघ ऊन अडवेल, तिच्याखाली पिवळं राहील, बाकीचं उडेल.

शेवटी टाकणखाराच्या (बोरॅक्सच्या) पाण्यात बुडवलंस की पिवळं तांबूस-तपकिरी होतं. हळदीला चुना लागला की लाल होते, कुंकू त्याच्यावरच करायचे, तसाच हा प्रकार.

हरिपूरकडचा
मॅडम भारी माहिती दिलीत. यात एक सांगतो, आमच्याकडं हरिपूरला हळद साठवायची पेवं होती, जमिनीत खोल खड्डे, वरून तोंड बंद. आत शिरायच्या आधी कंदील सोडायचे, विझला तर उतरायचं नाही, कारण आत प्राणवायूच नसतो. त्याच्यामुळं कीड लागायची नाही आणि उजेड तर कणभर पण नाही, म्हणून वर्षानुवर्षं हळदीचा रंग तसाच. २००५ च्या महापुरात लई पेवं गेली. ताई तू तुझी जुनी १९ चित्रं पण तशीच ठेव, वहीत मिटून कपाटात, भिंतीवर नको. आणि जमलं तर एकदा इकडं येऊन पेवाचं चित्र काढ, उरलीत ती पण किती दिवस राहतील सांगता येत नाही.

पिवळी_वही
केलं!! रविवारी पप्पांना पण सुट्टी होती, दोघांनी मिळून केलं. पहिला कागद मी व्हरांड्यात वाळवला, त्यामुळे शीट ठेवायच्या आधीच अर्धा उडाला होता. दुसरा कपाटात वाळवला. घाटाच्या पायऱ्या आणि पूल असं चित्र शीटवर काढलं, मालकांनी शीटचे पैसे घेतले नाहीत. साडेअकराला गच्चीत ठेवलं ते अडीचला काढलं. काच उचलली तर शीटखाली कागद पांढरट झालाय आणि कमानी, पायऱ्या, नावेचा दोर सगळं पिवळ्या रेघेत, मी ओरडलेच. पप्पा बराच वेळ कागद हातात धरून बघत होते. इतकी वर्षं हळदीत काम करतात पण हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

काका, आत्यासाठी तेच चित्र पिवडीत परत काढतेय, बाजारात मिळाली, मातकट आहे पण सकाळच्या पाण्याला चांगली दिसते. हरिपूरला पुढच्या रविवारी येते दादा, पेव कुठल्या बाजूला आहेत ते सांगून ठेवा.

मॅडम एकच अडचण, टाकणखारात घातल्यावर रेघा छान तांबूस झाल्या पण पांढरा भाग पण मळकट झाला. अर्धा लिटर पाण्याला दोन चमचे घातला होता आणि पाच मिनिटं ठेवलं.

मिरजेच्या_मॅडम
फार वेळ झाला गं. एकच चमचा घे आणि आत घालून लगेच काढ, मग साध्या पाण्यात दोनदा बुचकळ आणि सावलीत वाळव. आणि गच्चीत अजून तासभर जास्त ठेव, पांढऱ्यात उरलेली हळदच मळकट दिसतेय. पुढचा कागद झाला की इथे टाक, मला वर्गात दाखवायचाय.