होम हेल्थ की हॉस्पिस? मेडिकेअरचं (अमेरिकेतला सरकारी आरोग्य विमा) काही कळत नाहीये

सासऱ्यांना हार्ट फेल्युअर आहे, बाथरूमपर्यंत गेले तरी धाप लागते, मध्येच खुर्चीवर टेकावं लागतं. डॉक्टर म्हणाले होम हेल्थ बघा, नर्स म्हणते हॉस्पिसचंही विचारा. दोन्ही एकच का?

↳ नाही हो, एकदम वेगळं. होम हेल्थ म्हणजे सुधारण्यासाठी किंवा आहे ते टिकवण्यासाठी, नर्स किंवा थेरपिस्ट अधूनमधून येणार, त्यासाठी डॉक्टरांची ऑर्डर लागते आणि पेशंट होमबाउंड असावा लागतो. होमबाउंड म्हणजे घराबाहेर पडणं फार कठीण असलेला, अंथरुणालाच खिळलेला असं नाही, डॉक्टरकडे किंवा देवळात गेलेलं चालतं. पण चोवीस तास माणूस मिळत नाही, आम्ही तिथेच फसलो.

↳ हॉस्पिस म्हणजे शेवटच्या काळात त्रास कमी करण्यासाठीची सेवा. त्याला दोन डॉक्टरांनी लिहून द्यावं लागतं की आजार असाच चालला तर आयुष्य ६ महिने किंवा कमी उरलंय. ६ महिन्यांनी लगेच बंद करत नाहीत बरं का, आधी ९० दिवस दोनदा, मग दर ६० दिवसांनी तपासून वाढवतात. त्या आजाराची औषधं, बेड, ऑक्सिजन त्यातच येतं, पण बरं करायची ट्रीटमेंट सोडावी लागते. विचार बदलला तर बाहेरही पडता येतं.

↳ थँक्स! हॉस्पिस म्हटलं की सासूबाई रडायलाच लागतात, आधी त्यांच्याशी बोलते.