शब्दचर्चा : साथीवर 'पाळत' ठेवायची की तिची 'राखण' करायची?

खानापूर

पावसाळ्याआधी गावात वाटायचं एक पत्रक मराठीत करायचं काम माझ्याकडे आलंय. मूळ मजकूर कन्नडमध्ये आहे. सर्दी-तापाचे आणि जुलाब-उलट्यांचे विषाणू वर्षात कधी वाढतात, आरोग्य खातं त्यावर कसं लक्ष ठेवतं आणि घरच्यांनी आशाताईंना काय कळवायचं, असा विषय. कन्नडमध्ये 'कण्गावलु' शब्द वापरलाय. कण्णु म्हणजे डोळा, कावलु म्हणजे पहारा. सरकारी मराठीत याला 'सर्वेक्षण' म्हणतात. 2004 पासून देशभर चालू असलेल्या कामाचं नावच 'एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम' आहे. पण आमच्याकडे सर्वेक्षण म्हटलं की कोणीतरी वही घेऊन येणार, घरातली डोकी मोजणार आणि जाणार, ते परत वर्षभर दिसणार नाही. इथं तर वर्षभर नियमित आकडा जायचा असतो, साथ असो वा नसो. 'पाळत' लिहिलं तर आपल्यावर कुणाचा तरी संशय आहे असं वाटेल. 'टेहळणी' फौजेतली वाटते. तुम्ही काय म्हणाल?

आणि दुसरं, 'साथ' कधीपासून म्हणायचं? आमच्याकडे दोन पोरं खोकली तरी साथ, आणि निम्मं गाव आडवं पडलं तरी साथच.

निपाणी

माझा दवाखाना आहे, म्हणून दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो.

'लागण' एका माणसाची. 'संसर्ग' म्हणजे एकाचं दुसऱ्याला जाणं. 'प्रादुर्भाव' वर्तमानपत्रात असतो, दवाखान्यात तो शब्द मी कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. 'साथ' मात्र तुलनेचा शब्द आहे. त्या गावात, वर्षाच्या त्या दिवसांत एरवी जेवढे रुग्ण असतात त्याहून ठळकपणे जास्त दिसले तर साथ. दहा पोरांना जुलाब होणं जुलैत नेहमीचं असेल आणि फेब्रुवारीत साथ असेल. म्हणजे 'एरवी किती' हे आधी ठाऊक पाहिजे. ते ठाऊक व्हायचं तर साथ नसतानाचे आकडेही लिहून ठेवलेले पाहिजेत. सगळ्या कामाचं मर्म यात आहे आणि नेमका याच भागाला आपल्याकडे शब्द नाही. पत्रकात 'साथ आली तर कळवा' असं लिहू नका. लोक साथ यायची वाट बघत बसतील.

बेळगाव, शहापूर

'एरवीचं प्रमाण' लिहा की. सगळ्यांना कळतं.

मला लक्षणांच्या शब्दांबद्दल सांगायचंय. मी आरोग्य केंद्रात नोंदी लिहिण्याचं काम केलंय. फ्लूसारख्या आजाराची व्याख्या ठरलेली आहे : 38 अंश सेल्सियस किंवा जास्त ताप, सोबत खोकला, आणि सुरुवात गेल्या दहा दिवसांतली. त्यातच दवाखान्यात भरती करावं लागलं तर तो तीव्र श्वसन आजार, त्याची नोंद वेगळी. आता आपली माणसं काय सांगतात बघा. 'अंगात कसर हाय', 'कणकण वाटालंय', 'पोरगं रात्रीपासनं फणफणलंय'. कसर म्हणजे ताप मोजला तर निघेलच असं नाही. कणकण त्याच्याही अलीकडची. फणफणणं म्हणजे हात लावला तर चटका बसावा असा ताप. मराठीत तापाच्या या पायऱ्या इतक्या बारीक आहेत, आणि नोंदीत सगळ्यांपुढे एकच कन्नड शब्द पडतो : ज्वर. आशाताईंनी विचारताना 'ताप आला का' एवढंच विचारू नये. 'कसर की फणफण' असं विचारावं आणि मग थर्मामीटर लावावा.

जुलाबाचं तसंच. 24 तासांत तीन किंवा जास्त वेळा पातळ झालं तर तो जुलाब. पण सासूसमोर सून 'हगवण' म्हणणार नाही. 'परसाकडं पातळ होतंय' किंवा नुसतं 'पोट बिघडलंय' म्हणेल. पोट बिघडलं यात अपचनही आलं, गॅसही आला. म्हणून पत्रकात 'किती वेळा' हा प्रश्न छापाच.

अथणी

आमचा तालुका कोरडा, तुमचा ओला. एकाच जिल्ह्यात कणकुंबीला पाऊस कोसळत असतो तेव्हा आमच्याकडे ढग नुसते फिरून जातात. त्यामुळे 'पावसाळी आजार' हा शब्द आमच्या गावांत लागू पडत नाही. आमच्याकडे पोटाचे आजार उन्हाळ्यातही असतात, बोअरचं पाणी खाली गेलं आणि टँकरवर आलो की. लोक त्याला 'पाणी बाधलं' म्हणतात. हा शब्द मला फार नेमका वाटतो. त्यात दोष पाण्याला दिलाय, माणसाला नाही.

निपाणी

'पाणी बाधलं' चांगलाच शब्द, पण तो एका जागी फसवतो. कावीळ अ आणि कावीळ ई यांचे विषाणू बहुतेक पाण्यातून येतात, तिथं शब्द चपखल बसतो. रोटा विषाणूचं तसं नाही. तो हातांवरून, खेळण्यांवरून, लंगोट बदलणाऱ्या बाईच्या बोटांवरून जातो. पाणी उकळून पाजणाऱ्या घरातही तान्ह्याला होतो. त्याच्यासाठी सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना तोंडात द्यायचे थेंब आहेत. भारतात तयार झालेली लस 2016 पासून सरकारी लसीकरणात टप्प्याटप्प्यानं आली. 'पाणी बाधलं' म्हणून घरचे डोस विसरतात, हे मी बघतो.

हंगामाचंही एकच कोष्टक नाही. फ्लूच्या आपल्या देशात दोन लाटा असतात, एक जानेवारी ते मार्च आणि दुसरी पावसाळ्यात. पश्चिम आणि दक्षिण भारतात पावसाळ्यातली मोठी, काश्मीरमध्ये हिवाळ्यातली. दोन वर्षांखालच्या बाळांची छाती भरवणारा आर.एस.व्ही. हा विषाणू आपल्याकडे पावसाळ्यात वाढतो, उत्तरेत थंडीत. रोटा थंड आणि कोरड्या महिन्यांत जास्त असतो, पण दक्षिणेत तो वर्षभर थोडाथोडा सापडतोच. म्हणून 'हंगामी' लिहिताना पुढे कोणता हंगाम तेही लिहा. नुसतं 'हंगामी ताप' वाचलं की लोक म्हणतात, हवा बदललीय, जाईल आपोआप. श्वास घेताना बाळाच्या बरगड्या आत ओढल्या जात असतील तर ते हवा बदलणं नव्हे. त्याच क्षणी दवाखाना गाठायचा.

चंदगड

आम्ही हद्दीपलीकडचे, महाराष्ट्रातले, पण दवाखान्याला बेळगावलाच येतो, म्हणून बोलतो. हंगाम सांगायला नक्षत्रं वापरा. आमचे आजोबा म्हणायचे, 'म्हाताऱ्या पावसात पोरं आजारी पडत्यात.' म्हातारा पाऊस म्हणजे पुष्य, तरणा म्हणजे पुनर्वसू. श्रावण-भाद्रपद सांगून उपयोग नाही, ते सरकतात. 2022 ला श्रावण 29 जुलैला लागला. 2023 ला अधिक श्रावणच 18 जुलैला लागला आणि निज श्रावण 17 ऑगस्टला. 'श्रावणात खोकल्याची साथ होती' या वाक्यातून दोन वर्षांची तुलना होत नाही. नक्षत्रं सूर्यावर चालतात. मृग 7-8 जूनला, पुष्य 19-20 जुलैला, मघा 16-17 ऑगस्टला, दरवर्षी तेच.

बेळगाव, शहापूर

हे मला फार पटलं. सरकारी नोंद सोमवार ते रविवार अशा आठवड्यांवर चालते. एक नक्षत्र साधारण दोन आठवड्यांचं. म्हणजे म्हाताऱ्या माणसांची आठवण आणि कागदावरचे आकडे शेजारी ठेवून बघता येतील. पत्रकात तारीख आणि नक्षत्र दोन्ही द्या.

बेळगाव, वडगाव

एक विनंती. 'पोटाचा फ्लू' हा शब्द कृपा करून कुठंही वापरू नका. हल्ली शिकलेल्या घरांत तो सर्रास ऐकू येतो. फ्लू म्हणजे इन्फ्लुएंझा, तो श्वासाचा आजार. उलट्या-जुलाबाची जी झटकन पसरणारी साथ असते तिच्यात बऱ्याचदा नोरो विषाणू असतो. अमेरिकेत ओहायोमधल्या नॉरवॉक गावात 1968 साली शाळेत साथ आली, त्यावरून ते नाव पडलं. फ्लूची लस घेतलेला माणूस म्हणतो, मला पोटाचा फ्लू कसा झाला? शब्दामुळे लसीवरचा विश्वास जातो. शिवाय नोरोवर सॅनिटायझर फारसा चालत नाही. साबण आणि वाहतं पाणी लागतं. कन्नडमधला 'वांती-भेदी' किंवा आपला 'उलट्या-जुलाब' यात काय कमी आहे?

अथणी

'कण्गावलु'चं राहिलं. आमच्याकडे ज्वारी भरली की मळ्यात माळ्यावर बसून राखण करतात. पाखरं येवोत न येवोत, माणूस बसलेलाच असतो. 'राखण' म्हणा. त्यात संशय नाही, आपल्या मालाची काळजी आहे, आणि रोज करायची गोष्ट आहे हे न सांगता कळतं.

निपाणी

'राखण' घ्याच. फक्त 'साथीची राखण' लिहू नका, साथीलाच जपायचंय असा अर्थ होईल. 'आरोग्याची राखण' करा. आणि खाली एकदा 'सर्वेक्षण' हा शब्दही येऊ द्या, म्हणजे आशाताईंच्या अर्जावरचा शब्द तोच आहे हे ओळखू येईल.

खानापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. पत्रकाचा मजकूर असा करते आहे, काही खटकलं तर सांगा :

'गावाच्या आरोग्याची राखण (सरकारी भाषेत रोग सर्वेक्षण). मृगापासून उत्तरा नक्षत्रापर्यंत, म्हणजे 8 जून ते सप्टेंबरअखेर, सर्दी-तापाचे आणि उलट्या-जुलाबाचे आजार वाढतात. इतर महिन्यांतही ते असतात, म्हणून वर्षभर कळवा. घरात कुणाला फणफणून ताप आणि खोकला असेल, किंवा दिवसात तीनदा किंवा जास्त वेळा पातळ होत असेल, तर त्याच आठवड्यात आशाताईंना सांगा. एकच माणूस आजारी असला तरी सांगा. बाळाच्या बरगड्या आत ओढल्या जात असतील, बाळ दूध पीत नसेल, लघवी कमी झाली असेल, तर आधी दवाखान्यात जा, सांगणं नंतर. दवाखाना बेळगावचा असो, कोल्हापूरचा असो, नोंद करताना गावाचं नाव आणि तालुका पूर्ण सांगा.'

चंदगड

शेवटच्या ओळीत 'राहता पत्ता' असं घाला. आमच्यातले पुष्कळ जण बेळगावात पाहुण्यांकडे उतरतात आणि त्यांचाच पत्ता देतात. मग आजार आमच्या गावात आणि आकडा शहापुरात.

खानापूर

घातलं. उद्या छापायला देते.