मदत हवी आहे: मोदेनात जेवायला बोलावलंय, कोणती लाम्ब्रुस्को नेऊ?

नवखा_मोदेनाकर:
नोकरीसाठी नुकताच इटलीत मोदेनाला आलोय. ऑफिसातल्या एकाने रविवारी दुपारी घरी जेवायला बोलावलंय, स्वयंपाक त्याची आई करणार. 'वाइन मी आणतो' असं सांगून बसलोय. इथे जेवणाबरोबर लाम्ब्रुस्कोच, म्हणजे इथली बुडबुडेवाली लाल वाइन, एवढं कळलं. पण दुकानात सोर्बारा, ग्रास्पारोस्सा, सालामीनो अशी नावं, शिवाय कशावर सेक्को, कशावर आमाबिले.

बेत असा: आधी न्योक्को फ्रित्तो (तळलेली पिठाची वडी) आणि प्रोशुत्तो (डुकराच्या मांडीचं खारवलेलं मांस), मग सूपातले टोर्टेलिनी (सारण भरलेला छोटा पास्ता). बायको मांसमच्छी खात नाही, अंडं चालतं. कोणती बाटली नेऊ? थंड करायची का? आणि बायको यातलं काय खाऊ शकेल? माहीतगारांनी कृपया सांगा.

आंबटशौकीन:
डोळे मिटून सेक्को, म्हणजे बिनगोड, घ्या. आमाबिले आणि दोल्चे म्हणजे गोड. सत्तर-ऐंशीच्या दशकांत अमेरिकेत गोड लाम्ब्रुस्को इतकी खपली की बाहेर तिची तीच ओळख होऊन बसली.

ती तिन्ही नावं द्राक्षांची आहेत, तिघांच्याही वाइनना १९७० साली डीओसी (ठरावीक भागातल्या वाइनचा अधिकृत दर्जा) मिळालं. सोर्बारा मोदेनाच्या उत्तरेच्या सपाट जमिनीतली: रंग फिका, जवळजवळ गुलाबी, आणि आंबटपणा चांगलाच धारदार. या वेलाला स्वतःच्या फुलांवर नीट फळ धरत नाही, म्हणून परागासाठी शेजारी सालामीनो लावतात. ग्रास्पारोस्सा दक्षिणेला कास्तेल्वेत्रोच्या टेकड्यांवरची: गडद, तुरट, ओतली की फेससुद्धा जांभळा.

तुमच्या बेताला माझ्या मते सोर्बाराच. न्योक्को पुरीसारखा टम्म फुगतो, त्यावर प्रोशुत्तोची चकती ठेवली की तिची चरबी वितळून पारदर्शक होते. दोन घास खाल्ले की तोंडाला तुपकट थर बसतो, तो आंबटपणा आणि बुडबुडे साफ करतात. ग्रास्पारोस्सा नाताळ-नववर्षाच्या कोतेकीनो (डुकराच्या मांसाचं जाड सॉसेज) आणि मसुरांसाठी राखून ठेवा. वाइन थंडच न्या, १२ अंशांच्या आसपास. अल्कोहोल साधारण ११ टक्के, घटाघट संपते, तेव्हा दोन बाटल्या न्या.

भाजीभाकरी:
वाइनचं होईल हो, आधी बायकोच्या जेवणाचं बघा! टोर्टेलिनीच्या सारणात डुकराचं मांस, प्रोशुत्तो, मोर्तादेल्ला असतं आणि सूपही मांसाचंच. न्योक्को पारंपरिक घरात डुकराच्या चरबीत तळतात, पिठातही तीच घालतात. ताटावर बसल्यावर 'नको नको' करण्यापेक्षा आजच फोन करून सांगा, कुणी रागावत नाही. रिकोटा (मऊ, पनीरसारखं चीज) आणि पालक भरलेले मोठे टोर्टेलोनी, वर लोणी आणि सेजची पानं, हा तिथल्या घरांतला नेहमीचा बिनमांसाचा पदार्थ आहे. सोर्बारा त्यालाही चालते. फक्त पार्मिजानो चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (दूध साकळवणारा पदार्थ) असतं. वहिनींना ते चालतं का, ते त्यांनाच विचारा.

खमंग:
जरा अवांतर: ही सोर्बारा कोथिंबीर वडीबरोबर कशी लागेल?

आंबटशौकीन:
@खमंग, सोर्बारा तळणीला झकास. मिरची मात्र बेतानं, बुडबुड्यांनी तिखट आणखी झोंबतं. तिखटच हवं असेल तर तिथे आमाबिले घ्या.

नवखा_मोदेनाकर:
सर्वांचे आभार. फोन केला. काकू टोर्टेलोनी करणार आहेत, न्योक्कोचा एक घाणा तेलात तळते म्हणाल्या. चीज बायकोला चालतं. सोर्बारा सेक्को आणली, पण एका बाटलीच्या तळाशी गाळ दिसतोय. खराब आहे का?

आंबटशौकीन:
नाही हो. लेबलवर 'रिफेर्मेंतातो इन बोत्तील्या' असेल बघा. बाटलीतच पुन्हा आंबवलेली असते, तो गाळ यीस्टचा. रात्रभर उभी ठेवा आणि अलगद ओता. काही जण मुद्दाम हलवून गढूळच पितात, काकूंना कशी आवडते विचारा. आणि झाकण सिंकवर उघडा, फेस उसळतो.