मदत हवी आहे: कॉन्टेसा १.८ मध्ये कमी खर्चात दम कसा आणावा? (नागपूर)

नमस्कार मंडळी,

मामांची १९९४ची कॉन्टेसा क्लासिक, १.८ लिटर पेट्रोल इंजिनवाली, आता माझ्याकडे आली आहे. तिला स्पोर्ट्स कार म्हटलं की काही जण नाक मुरडतील. पण मागच्या चाकांना ताकद, पाच गिअर आणि ते लांबलचक बॉनेट! त्या काळात आपल्याकडच्या पोरांच्या स्वप्नात हीच गाडी यायची, त्यामुळे वाद घालू नका.

अडचण अशी की गाडी चालते, पण ओढत नाही. वाडी सोडून अमरावती रोडला लागलं की ८०पर्यंत बरी जाते. त्यानंतर पाय तळाला टेकवला तरी नुसता आवाज वाढतो, काटा जागचा हलत नाही. तळेगावच्या घाटात पाचवा सोडून चौथा, चौथा सोडून तिसरा, आणि वर मागच्या अल्टोवाल्याचा हॉर्न. कागदावर हे इसुझू इंजिन ८५ अश्वशक्तीच्या आसपासचं आहे. माझ्या गाडीतले निम्मे घोडे कुठे चरायला गेले, कळत नाही.

बजेट ६० हजार. त्याच्या वर गेलो तर घरी माझंच इंजिन खोलतील.

आतापर्यंत मिळालेले सल्ले: कामठी रोडवरचा एक मिस्त्री म्हणतो, "भाऊ, टर्बोवालं डिझेल टाकून देऊ, ॲव्हरेज पण येईन." दुसरा कोन फिल्टर (उघडा एअर फिल्टर) आणि फ्री-फ्लो सायलेन्सर सांगून राहिला, २५ हजारांत. मित्राचं म्हणणं, अँबेसेडर १८०० लाही हेच इंजिन होतं, नंतरच्या अँबेसेडरला एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी कॉम्प्युटरवर चालणारं फ्युएल इंजेक्शन) आलं, तर भंगारातून तेच काढून बसव.

प्लग, एअर फिल्टर आणि ऑइल नवीन आहे. जुने प्लग काढले तेव्हा टोकं खडूसारखी पांढरी होती. आणखी एक, घाट चढून थांबलो आणि लगेच सेल्फ मारला तर गाडी उठतच नाही. पंधरा मिनिटं बॉनेट उघडं ठेवलं की उठते.

पैसे नेमके कुठे घालू?

जुना_कार्ब:
पांढरा प्लग म्हणजे मिक्स्चर लीन, हवा जास्त आणि पेट्रोल कमी. तुमची गाडी बनली तेव्हा पेट्रोलमध्ये इथेनॉल नव्हतं, आता पंपावर २० टक्के आहे, त्यालाच ई२० म्हणतात. साध्या पेट्रोलला एका भागामागे १४.७ भाग हवा लागते, ई२० ला साधारण साडेतेरा. कार्ब्युरेटरला हे कळायला त्यात सेन्सर कुठे आहे? तो जुन्याच हिशोबाने पेट्रोल सोडतो. मेन जेट (पेट्रोल सोडणारं छिद्र) एक-दोन नंबर मोठा लावून बघा, आणि मग प्लगचा रंग विटकरीकडे येतो का ते पाहा. कार्ब खोललाच आहे तर ॲक्सिलरेटर पंपाचा डायफ्राम (रबरी पडदा) आणि टाकीपासूनच्या सगळ्या रबरी नळ्या इथेनॉल चालणाऱ्या टाका. जुनं रबर त्यात नरम पडतं. नळी गळून गरम मॅनिफोल्डवर पेट्रोल पडलं तर पिकअपचा प्रश्न कायमचा मिटेल.

त्याआधी एक फुकटचं काम. इंजिन बंद ठेवून कुणाला तरी सीटवर बसवा आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायला सांगा. तुम्ही फिल्टर काढून वरून कार्बमध्ये बघा. थ्रॉटलची पाती पूर्ण उभी होते का? जुन्या गाड्यांत केबल सैल होते, खाली जाड मॅट टाकलेली असते, आणि माणूस वर्षानुवर्षं पाऊण थ्रॉटलवर गाडी चालवतो. कार्बचा दुसरा बॅरल (हवेचा दुसरा मार्ग) व्हॅक्युमवर उघडणारा असेल तर त्याचा डायफ्रामही तपासा. ८०च्या पुढे दम संपतो म्हणताय, माझा पहिला संशय तिथेच.

हिंगणा_लेथवाला:
कोन फिल्टरचे पैसे वाचवा. मे महिन्यात आपल्याकडे सावलीतच ४५, बॉनेटखाली तर विचारू नका. हवा दर दहा अंशांना साधारण तीन टक्के विरळ होते. उघडा फिल्टर तीच तापलेली हवा ओढणार. आवाज मस्त येतो, गाडी हळू होते. मूळ डबा ठेवा आणि त्याचं नाक ग्रिलकडे काढा. गरम झाल्यावर न उठणं हे पेट्रोल उकळल्याचं लक्षण वाटतं. पेट्रोलची लाइन एक्झॉस्टपासून लांब घ्या, कार्बखाली जाड इन्सुलेटर पॅकिंग द्या, रेडिएटर खोलून त्याच्या नळ्यांना रॉड मारून साफ करून घ्या.

डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्युम नळी काढून तोंडाने ओढा. आतली प्लेट हलली नाही तर ॲडव्हान्स, म्हणजे ठिणगी आधी पाडणारी व्यवस्था, मेलेली आहे. ई२० चा ऑक्टेन चढा आहे, त्यामुळे टायमिंग दोन-तीन डिग्री पुढे घेता येईल. चढावर खडखड आली की मागे.

आणि कॉम्प्रेशन टेस्ट (प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजणं) केल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका. गरम इंजिन, चारही प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा. सिलिंडरांमध्ये दहा टक्क्यांहून जास्त फरक नको. कमी भरला त्यात चमचाभर ऑइल टाकून परत मोजा. वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह.

आरसी_बुक:
डिझेलचा नाद सोडा. आरसीवर पेट्रोल आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे परवानगीशिवाय असा बदल चालत नाही, आणि क्लेमच्या वेळी विमावाले हेच शोधतात. एमपीएफआय ऐकायला सोपं आहे, पण ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), वायरिंग, जास्त दाबाचा पंप, रिटर्न लाइन, सेन्सर, सगळंच एका गाडीतून अख्खं मिळालं तर मजा. ६० हजारांत ते अर्धवट राहील. टायरवरचे शेवटचे चार आकडे बघा, आठवडा आणि वर्ष असतं. बाराशे किलोच्या आसपासची गाडी जुन्या टायरांवर पळवायची असेल तर आधी टायर आणि ब्रेकचे होस.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. भाच्याला सीटवर बसवून बघितलं. जुना_कार्ब, तुमचा संशय खरा निघाला: मामांनी गालिच्यावर गालिचा टाकला होता आणि केबलही सैल. पाती पाऊणच उघडत होती. दोन्ही नीट केल्यावर गाडी शंभराला बऱ्यापैकी गेली. डिझेलवाल्याला नकार दिला, तो माझ्यावर नाराज आहे.

कॉम्प्रेशन मात्र चार सिलिंडरांत १५०, १४८, ११५, १५० पीएसआय आलं. तिसऱ्यात ऑइल टाकूनही ११८च्या वर गेलं नाही, म्हणजे व्हॉल्व्हच ना? हेड काढावं लागणार. नागपुरात व्हॉल्व्ह सीट नीट कापणारा आणि हेडचा लेव्हल बघून देणारा कुणी माहितीत आहे का? अँबेसेडर १८०० चं हेड गॅस्केट यात चालतं का, तेही ज्याने स्वतः बसवलंय त्याने सांगा. गॅस्केट हातात आल्याशिवाय मी नट ढिला करत नाही.