पिकअपसाठी फिफ्थ व्हील हिच कोणती घ्यावी? हौदा छोटा आहे, आई-बाबाही सोबत असतील

माळरान, ऑस्टिन

नमस्कार मंडळी. मार्चमध्ये आई-बाबा कराडहून सहा महिन्यांसाठी येतायत. आईचे गुडघे दुखतात, रोज नवं हॉटेल, रोज बॅगा चढवा-उतरवा हे तिला जमणार नाही. शिवाय बाहेरचं जेवण दोघांनाही दोन दिवसांच्या वर चालत नाही. म्हणून बायकोने आणि मी ठरवलं की फिफ्थ व्हील ट्रेलर घ्यायचा, म्हणजे पिकअपच्या हौद्यात बसवलेल्या हिचला (जोडणीला) अडकवून न्यायचं चाकांवरचं घर. आधी बिग बेंड, उन्हाळ्यात कोलोरॅडो.

ट्रक आहे: पाऊण टनी (मोठ्या पिकअपांमधला एक टनीच्या खालचा वर्ग), डिझेल, चार दारांचा, हौदा ६ फूट ४ इंच. हौद्याच्या तळाला कारखान्यातूनच आलेली पाच भोकं आहेत, चार कोपऱ्यांत चार आणि मधे एक. ट्रेलर पाहून ठेवलाय, ३० फुटी. रिकामं वजन ८,९०० पौंड, भरून जास्तीत जास्त ११,५००. माहितीपत्रकात पिनवरचा (ट्रेलरच्या पुढच्या टोकाखालचा जो खिळा हिचमध्ये अडकतो, त्यावरचा) भार १,६४० लिहिलाय. इसारा दिलाय, पण तो अजून परत मिळू शकतो.

प्रश्न हिचचा आहे. दुकानदार सरकणारी (वळताना हौद्यात मागे जाणारी) घ्या म्हणतो, ऑफिसातला एकजण साधी पुरेल म्हणतो, तिसरा अ‍ॅल्युमिनियमची हलकी घ्या म्हणतो. किमतींत दुपटी-तिपटीचा फरक आहे. ज्यांनी वापरलंय त्यांनी कृपया सांगा.

सातवाट, डेन्व्हर

हिचचं नंतर बघू. आधी एक काम करा. ड्रायव्हरचं दार उघडा, खांबावर पांढरं-पिवळं स्टिकर असेल. त्यावर माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांच्या वर नको असं लिहिलेलं असतं. तो आकडा इथे टाका. घरातल्या सगळ्यांची वजनंही टाका.

माळरान, ऑस्टिन

२,११७ पौंड. मी १५५, बायको १३०, बाबा १५०, आई १२५, मुलगी ६०. एकूण ६२०. पण माझा ट्रक तर १५,००० पौंडांच्या वर ओढू शकतो असं जाहिरातीत आहे. मग २,११७ चा इथे काय संबंध?

सातवाट, डेन्व्हर

सगळा संबंध तिथेच आहे. ओढायची ताकद वेगळी आणि पाठीवर घ्यायची ताकद वेगळी. फिफ्थ व्हील ट्रेलर नुसता ओढायचा नसतो, त्याचा पुढचा हिस्सा ट्रकच्या मागच्या आसावर बसतो.

बाबांना विचारा, ते क्षणात समजतील. बैलगाडीत ओझं मागे जास्त झालं की गाडी उलाळ होते, पुढे जास्त झालं की धुरजड. इथेही तेच गणित आहे. भरलेल्या ट्रेलरच्या साधारण १५ ते २५ टक्के वजन पिनवर यायला हवं. त्याहून कमी आलं तर मागचं धूड हेलकावे खायला लागतं, जास्त आलं तर ट्रकचं कंबरडं वाकतं. हिशोबाला २० टक्के धरायचे, आणि तेही भरलेल्या वजनाचे. माहितीपत्रकातला १,६४० हा रिकाम्या ट्रेलरचा आकडा आहे, त्यात तुमचं पाणी, गॅस, भांडीकुंडी, कपडे, काहीच नाही.

११,५०० चे २० टक्के म्हणजे २,३००. हिच लोखंडी असेल तर तिचे दीडशे तरी धरा. माणसं ६२०. बेरीज ३,०७०. स्टिकर म्हणतंय २,११७. तुम्ही ९५३ पौंडांनी वर आहात आणि अजून एक पाण्याची बाटलीही ट्रकमध्ये ठेवलेली नाही.

डिझेल पाऊण टनीत हा फटका हमखास बसतो. डिझेलचं इंजिन जड, ते स्वतःच स्टिकरमधले काहीशे पौंड खातं. तोच ट्रक पेट्रोलचा असता तर ओढायला कमी पडला असता, पण पाठीवर जास्त घेतलं असतं.

हिरवा_चाफा, ह्यूस्टन

सातवाट, एवढं घाबरवू नका. मी अशाच ट्रकने १२,००० चा ट्रेलर चार वर्षं ओढतोय. मागच्या आसाची क्षमता ६,००० च्या वर आहे, टायर भारी घातलेत, मागच्या स्प्रिंगांना आधार द्यायला हवेच्या पिशव्या, म्हणजे एअरबॅग, लावल्यात. ट्रक अगदी सपाट उभा राहतो. आस आणि टायर यांच्या मर्यादेत असलात तर काही होत नाही.

सातवाट, डेन्व्हर

चाफा, तुमचा अनुभव मी खोटा म्हणत नाही. पण एअरबॅग ट्रक सपाट करते, स्टिकरवरचा आकडा वाढवत नाही. ब्रेक तेच, चौकट तीच. ह्यूस्टनभोवती रस्ता ताटासारखा आहे. यांना कोलोरॅडोत यायचंय. आयसेनहॉवर बोगदा ११,००० फुटांच्या वर आहे आणि तिथून डेन्व्हरकडे उतरताना तीव्र उतार मैलोनमैल संपत नाही. त्या उतारावर गरम ब्रेकचा वास मी दर उन्हाळ्यात घेतो. मागच्या सीटवर सत्तरीतले आई-बाबा आणि लहान मुलगी असताना मी स्वतः हे केलं नसतं.

हिरवा_चाफा, ह्यूस्टन

उताराचा मुद्दा मान्य. मी कधी डोंगरात नेलेला नाही. आणि खरं सांगायचं तर काट्यावरही घातलेला नाही. या शनिवारी घालतो.

उरणकर, डॅलस

वजनाचं सातवाटांनी सांगितलंच आहे. मला हिचच्या तोंडाबद्दल, म्हणजे जबड्यांबद्दल सांगायचंय, कारण ते मी लहानपणापासून पाहिलंय.

माझे वडील न्हावाशेव्याला कंटेनरचे ट्रेलर चालवायचे, १९८९ मध्ये बंदर सुरू झालं तेव्हापासून. आपल्या आरव्हीच्या (चाकांवरच्या घराच्या) खाली असते तीच दोन इंची किंगपिन तिथेही असते. ट्रेलर जोडला की बाबा कधीही तसेच केबिनमध्ये चढत नसत. बॅटरी घेऊन खाली वाकायचे आणि ताटलीच्या मागून आत उजेड मारून बघायचे की जबडा पिनच्या मानेभोवती पूर्ण मिटलाय का. पावसात, रात्री दोन वाजता, मागे रांग लागलेली असताना सुद्धा.

कारण असं की पिनला मान असते आणि खाली रुंद टाच असते. ट्रेलर जास्त उंच ठेवून मागे आलात तर पिन वरच राहते आणि जबडा मानेऐवजी टाचेला कसाबसा धरतो. हिचचा दांडा बसल्यासारखा दिसतो, खटका ऐकू येतो, सगळं ठीक वाटतं. मग पहिल्याच सिग्नलला ट्रक पुढे जातो आणि ट्रेलर हौद्याच्या कडांवर कोसळतो. म्हणून जोडताना ट्रेलरची ताटली हिचच्या ताटलीपेक्षा किंचित खाली ठेवायची. ट्रक मागे घेताना हिचने ट्रेलरला अर्धा इंच उचलत आत शिरलं पाहिजे.

आणि ओढून बघायचं. ट्रेलरचे पुढचे पाय अजून जमिनीला टेकलेले, ट्रेलरचा ब्रेक हाताने दाबलेला, आणि ट्रक हळूच पुढे. निसटायची असेल तर पिन तेव्हाच निसटेल आणि ट्रेलर पायांवर उभा राहील.

हिच निवडताना: पिनला दोन्ही बाजूंनी कवेत घेणारे जोड-जबडे घ्या. नुसती पट्टी आडवी सरकणारी स्वस्त पडते, तिचा सुटा खुळखुळाट जास्त असतो. डोकं पुढे-मागे आणि डावी-उजवीकडेही झुकणारं हवं, कॅम्पची जागा कधीच सपाट नसते. बाकी रंग, नाव, स्टिकर याकडे बघू नका. बी अँड डब्ल्यू, कर्ट, पुलराइट, सगळ्यांकडे चांगले जबडे मिळतात.

माळरान, ऑस्टिन

उरणकर, हे कोणत्याच दुकानात ऐकलं नव्हतं. मनापासून आभार. सातवाट, रात्री झोप लागली नाही, पण तुमचं बरोबर आहे. सकाळी बाबांना फोनवर धुरजड म्हटल्याबरोबर ते म्हणाले, “मग बैल बदल नाहीतर ओझं बदल.”

ट्रेलर लहान घेतला तर? ८,००० पौंडांचा?

सातवाट, डेन्व्हर

१,६०० अधिक १५० अधिक ६२०, २,३७०. तरीही वर. अँडरसनची अ‍ॅल्युमिनियमची हिच खरंच हलकी आहे, चाळीसेक पौंडांची, तिने शंभरेक वाचतील, तरी पुरणार नाहीत. पाच माणसं आणि हा ट्रक पक्का असेल तर मागे बॉलवर जोडायचा साधा ट्रेलर घ्या. त्याचा भार १० ते १५ टक्केच येतो, ८,००० चा असेल तर हजाराच्या आसपास. फिफ्थ व्हीलच हवा असेल तर एक टनी ट्रक बघा. मागे दोनच चाकांचा एक टनीही चालेल, पण घ्यायच्या आधी त्याच ट्रकच्या दारावरचं स्टिकर वाचा. मॉडेल एकच असलं तरी आकडे ट्रकागणिक बदलतात.

आणि बदलणारच असाल तर आठ फुटी हौद्याचा घ्या. सरकणाऱ्या हिचचा प्रश्नच मिटतो.

कोयनाकाठ, फ्रेस्नो

या शेवटच्या वाक्याला माझ्याकडून दुजोरा. माझा हौदा साडेसहा फुटी. ट्रेलर ९६ इंच रुंद, म्हणजे पिनपासून कोपऱ्यापर्यंत ४८ इंच. हिच बसवल्यावर पिनच्या मध्यापासून केबिनच्या काचेपर्यंत टेप लावला तेव्हा ४४ भरले. म्हणजे काटकोनात वळलो की कोपरा काचेत. म्हणून हाताने सरकवायची हिच घेतली. कॅम्पमध्ये शिरायच्या आधी खाली उतरून खटका सोडायचा, ट्रेलरचा ब्रेक दाबून ट्रक थोडा पुढे घ्यायचा, की हिच हौद्यात मागे सरकते. काम झालं की परत पुढे आणून लॉक.

दोन वर्षं न चुकता केलं. तिसऱ्या वर्षी ग्रँड कॅन्यनजवळ अंधार पडला होता, मुलं भुकेली होती, मी सरकवायला विसरलो. मागे घेताना एक करकर ऐकू आली आणि पाठची काच धाकट्याच्या सीटवर तांदळासारखी सांडली. सुदैवाने तो खाली उतरून आईबरोबर उभा होता. त्यानंतर ती विकली आणि आपोआप सरकणारी पुलराइटची घेतली. ती वळतानाच स्वतः मागे जाते. महाग आहे, जड आहे, ट्रेलरच्या पिनपेटीला (पिन जिला बसवलेली असते त्या पुढच्या पेटीला) एक पट्टी कायमची लावावी लागते. पण माझ्या विसरण्यावर ती अवलंबून नाही.

अलीकडच्या बऱ्याच ट्रेलरांचे पुढचे कोपरे कापलेले असतात, त्यांना छोट्या हौद्यातही साधी हिच पुरते असं विक्रेते सांगतात. विश्वास टेपवर ठेवा.

अजून एक. माझ्यासारखे कोणी कॅलिफोर्नियात राहत असतील तर १०,००० ते १५,००० पौंडांच्या फिफ्थ व्हीलसाठी परवान्यावर वेगळी नोंद लागते, १५,००० च्या वर असेल तर अव्यावसायिक ए वर्गाचा परवाना. टेक्सासात ट्रक आणि ट्रेलरची मिळून मर्यादा २६,००० च्या आत असली की साधा परवाना चालतो.

हिरवा_चाफा, ह्यूस्टन

काट्यावर गेलो. स्टिकरपेक्षा ७४० पौंड जास्त आहे. ट्रेलरमधली जनरेटरची पेटी आणि पुढच्या कप्प्यातलं सामान काढतोय, पण तेवढ्याने भागणार नाही. माळरान, माझा वरचा सल्ला धरू नका.

माळरान, ऑस्टिन

साडेतीन महिन्यांनी लिहितोय, पुढे कोणी शोधत आलं तर उपयोगी पडावं म्हणून.

डिझेल विकला. एक टनी घेतला, पेट्रोल, मागे दोनच चाकं, आठ फुटी हौदा. स्टिकर ३,९४०. ट्रेलर तोच ११,५०० चा. हिच साधी, न सरकणारी, २०,००० पौंडांची, जोड-जबड्यांची, हौद्याच्या चार भोकांत पाय रोवून बसणारी. चार दांडे फिरवले की सुटते, मग हौदा मोकळा. ज्यांच्या हौद्याला भोकं नाहीत त्यांना खालून चौकटीला कंस आणि वर रुळ बसवावे लागतील. नुसत्या हौद्याच्या पत्र्यावर कोणी बोल्ट मारून देतो म्हणाला तर तिथून निघा. गूजनेकच्या (हौद्यातच असलेल्या दुसऱ्या प्रकारच्या जोडणीच्या) बॉलवर बसवायचा लांब दांडाही मला एकाने स्वस्तात देऊ केला होता. त्याने ट्रेलरच्या चौकटीवर तरफेसारखा ताण येतो आणि हमीही जाऊ शकते, म्हणून नाही घेतला.

निघायच्या आदल्या दिवशी हायवेवरच्या कॅट काट्यावर (ट्रकांच्या वजनकाट्यावर) दोनदा वजन केलं. ट्रेलरशिवाय, सगळे बसलेले आणि हिच लावलेली: ७,८२०. ट्रेलर जोडून: पुढचा आस ४,१४०, मागचा ५,८४०, ट्रेलरची चाकं ८,४८०. म्हणजे पिनवर २,१६० आले आणि ट्रेलर एकूण १०,६४०. वीस टक्क्यांच्या जरासे वर. ट्रकवर सगळं मिळून २,९७०, स्टिकरच्या हजारभर आत. बाबांनी ती पावती घडी घालून पाकिटात ठेवलीय.

जोडायचं काम आता आमच्या दोघांचं. मी ट्रक मागे घेतो, बाबा बॅटरी घेऊन फाळक्याशी उभे राहतात, खटका झाला की वाकून आत बघतात आणि “मिटला” म्हणाल्याशिवाय मला ट्रेलरचे पाय उचलू देत नाहीत. बिग बेंडला एकदा “नाही मिटला” म्हणाले. मला सगळं नीट दिसत होतं, दांडाही आत होता. उतरून पाहिलं तर जबडा एका बाजूने बोटभर उघडा होता. ट्रेलर इंचभर उंच राहिला होता. खाली घेतला, परत जोडला.

उरणकर, हे तुमच्या बाबांना नक्की सांगा.

एक बारकी शंका: ताटलीला ग्रीस लावू की प्लास्टिकची चकती घालू?

उरणकर, डॅलस

आजच फोन केला होता, सांगितलं. पाच मिनिटं काहीच बोलले नाहीत, मग विचारलं की ग्रीस कोणतं लावतो तो पोरगा.

चकती घाला. ग्रीस हौद्यात, कपड्यांना, सगळीकडे लागतं आणि त्यावर वाळू बसते. चकतीची जाडी धरून उंची परत एकदा तपासा. जबड्यांना आणि खटक्याच्या सांध्यांना मात्र थोडं वंगण हवंच, हिचबरोबर आलेल्या पुस्तिकेत सांगितलेलं असेल ते.