‘सगळेच करतात’ ही समजूत किशोरांच्या निर्णयावर किती भार टाकते?

प्रश्न:
मी शाळेत समुपदेशनाचे काम करते. लैंगिक संबंधांविषयी बोलताना आठवी ते दहावीची मुले-मुली वारंवार एकच वाक्य उच्चारतात, ‘आमच्या वयाचे सगळेच करतात.’ याला केवळ मित्रमंडळींचा दबाव म्हणावे, की यामागे मनाची आणखी काही घडण असते? पालकांनी लक्ष ठेवल्याने फरक पडतो का?

उत्तर १:
उघड दबावापेक्षा ही समजूतच अधिक प्रभावी ठरते, असे माझे मत आहे. आपल्या वयाच्या किती जणांनी असे संबंध ठेवले आहेत, याचा मुलांचा अंदाज बहुधा वास्तवापेक्षा फुगलेला असतो, कारण ज्यांनी काही केले, किंवा केल्याचे भासवले, तेच बोलतात आणि ज्यांनी थांबायचे ठरवले ते गप्प राहतात. परिणामी थांबलेल्या प्रत्येकाला आपण एकटेच मागे पडलो आहोत असे वाटत राहते.

उत्तर २:
मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात गाडी चालवण्याच्या संगणकीय खेळात मित्र सोबत असताना सहभागींनी अधिक धोका पत्करला आणि हा परिणाम प्रौढांपेक्षा किशोरांमध्ये ठळक होता. खेळातील गाडी आणि नातेसंबंध या वेगळ्या गोष्टी आहेत, हे मान्य. तरीही शांतपणे वर्गात बसून ‘मी नाही म्हणेन’ असे मनापासून सांगणारी मुलगी प्रत्यक्ष प्रसंगी, नाते तुटण्याच्या भीतीने, गप्प का राहते, हे समजून घ्यायला त्याची मदत होते. म्हणून नकाराचे शब्द आधीच उच्चारून पाहण्याचा सराव मला माहितीपत्रकांपेक्षा मोलाचा वाटतो.

उत्तर ३:
‘निर्णय’ हा शब्द मला इथे खटकतो. जोडीदार वयाने बराच मोठा असेल किंवा धमकी, उपकार, छायाचित्रांची भीती यांपैकी काही मध्ये असेल, तर तिथे मुलाने निर्णय घेतलेलाच नसतो. ते शोषण असते आणि त्या मुलाला आधी संरक्षण हवे असते.

पालकांविषयी सांगायचे, तर हाकन स्टॅटिन आणि मार्गारेट केर यांच्या २००० सालच्या अभ्यासात असे दिसले की पालकांना मुलांविषयी जे ठाऊक असते, ते पाळतीतून कमी आणि मुलांनी आपणहून सांगितल्यामुळे अधिक कळलेले असते. लैंगिक शिक्षणामुळे मुले लवकर संबंधांकडे वळतात, ही भीतीही युनेस्कोच्या २०१८ च्या मार्गदर्शिकेत मांडलेल्या पुराव्यांनी खोटी ठरवली आहे. तेव्हा पालकसभेत मी एवढेच विचारीन: आपल्या मुलाने उद्या एखादी चूक सांगितली, तर आपले पहिले वाक्य काय असेल?