विषय: १४ तारखेला मुंबईला कोण निघाले आहे? भाच्याच्या पायासाठी मशीन पाठवायचे आहे

प्रेषक: नाना, अमळनेरकर

सर्व सभासदांस नमस्कार.

भाच्याचा एक पाय पाच सेंटिमीटर आखूड होता; तो लांब करण्यासाठी नडगीचे हाड कापून पायाभोवती तारांनी हाडाला धरलेल्या लोखंडी रिंगा बसवल्या आणि त्यांवरचे नट रोज फिरवून हाडाची दोन टोके हळूहळू दूर नेली, हे आपणां सर्वांना ठाऊक आहेच. काल नवा एक्स-रे निघाला आणि रात्री ताईचा फोन आला. नडगीची पाच सेंटिमीटर लांबी पुरी मिळाली, नट फिरवणे थांबवूनही तीन महिने झाले, तरी मधले हाड पुढच्या अंगाने भरलेले नाही. मागची बाजू पांढरी दिसते; पुढे बोटभर रुंदीची काळी पट्टी तशीच आहे. आखाजीला भाचीचे लग्न आहे आणि पोरगा पायात रिंगा घेऊन मांडवात कसा वावरणार, या काळजीने मेव्हण्यांनी रिंगा त्याआधी काढाव्यात असा धोशा लावला आहे. हाड लवकर भरावे म्हणून रोज वीस मिनिटे लावायचे अल्ट्रासाउंडचे मशीन इथे मिळते. पैशांचा प्रश्न नाही. १४ तारखेच्या सुमारास जाणाऱ्या कोणीतरी ते न्यावे, एवढीच विनंती आहे.

प्रेषक: अप्पा (सामान नोंदणी)

नाना,

मागील गणपतीत श्रवणयंत्राचे जे झाले, त्यानंतर कार्यकारिणीने ठरवले आहे की वैद्यकीय सामान माझ्याकडे नोंद केल्याशिवाय परस्पर कोणाच्या बॅगेत जाणार नाही. मशीनला बॅटरी असेल तर ते हातातल्या सामानात न्यावे लागेल, सोबत बिल आणि डॉक्टरांची चिठ्ठी लागेल. हे मशीन शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी मागितले आहे, की आपण स्वतःच ठरवले आहे? चिठ्ठी त्यांचीच असावी, गल्लीतल्या दवाखान्याची चालणार नाही.

प्रेषक: अक्का

नाना, अप्पा,

बॅगेचा प्रश्न नंतर पाहू. मी अशा रुग्णांचे व्यायाम बारा वर्षे घेतले आहेत, म्हणून स्पष्ट लिहिते. त्या मशीनवर एवढा खर्च करण्यासारखा पुरावा नाही. २०१६ मध्ये नडगीच्या हाडमोडीच्या ५०१ रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. खरे मशीन आणि तसेच दिसणारे पण लहरी न सोडणारे बनावट मशीन यांत ना हाड भरण्यात फरक दिसला, ना माणूस कामाला लागण्यात. ती चाचणी हाडमोडीची होती, लांबी वाढवण्याची नव्हती, हे खरे. पण मशीन आल्यावर घरच्यांचे मूळ कारणांकडे दुर्लक्ष होते, ही माझी खरी भीती आहे.

ती कारणे पाहा. नट दिवसातून चार वेळा पाव-पाव मिलिमीटर फिरवले, की एकदाच पूर्ण मिलिमीटर? सायबेरियातल्या कुर्गानमध्ये ही पद्धत घडवणाऱ्या इलिझारोव्ह यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांत हेच तपासले होते, आणि १९८९ मध्ये ते प्रसिद्ध झाले. रोज अर्धा मिलिमीटर ताणले तर हाड वेळेआधीच जुळून बसण्याचा धोका, दोन मिलिमीटर ताणले तर नवे हाड नीट धरत नाही, आणि एक मिलिमीटर जितक्या लहान टप्प्यांत विभागला तितके हाड चांगले. दोन टोकांच्या मधल्या कोवळ्या पेशींना ताण सोसतो, झटका सोसत नाही.

दुसरे असे की नडगीचा पुढचा भाग नुसता कातडीखाली असतो, तिथे स्नायूंची गादी नसते, त्यामुळे हाड तिथे मागाहून भरते. पाच सेंटिमीटरसाठी रिंगा सात-आठ महिने राहणे ही काही अनहोनी नव्हे. पण भाचा तंबाखू खातो का, ड जीवनसत्त्वाची तपासणी झाली का, आणि पाय दुखला की डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन कोण देते, हे आजच विचारा. हाड भरण्याच्या काळात त्या जातीच्या गोळ्या-इंजेक्शने टाळलेली बरी. आणि तो त्या पायावर वजन टाकतो का? भाराशिवाय हाड आळशी होते.

रिंगा काढण्याचा निर्णय लग्नाची तारीख करत नाही. समोरून आणि बाजूने काढलेल्या एक्स-रेत हाडाच्या चार कडा दिसतात. त्यांतल्या निदान तीन सलग भरलेल्या दिसल्या पाहिजेत.

प्रेषक: जिभाऊ, शिरपूर

अक्कांच्या शेवटच्या वाक्यापुरते लिहितो. अपघातानंतर माझ्या डाव्या नडगीत रिंगा होत्या. कापूस वेचणीच्या दिवसांत घरी माणूस नाही म्हणून मीच हट्ट धरून त्या लवकर काढायला लावल्या. एकविसाव्या दिवशी ओट्यावरून उतरताना आतून बांबू चिरल्यासारखा आवाज आला आणि नडगी धनुष्यासारखी वाकली. मग पुन्हा तारा, कमरेच्या हाडातून काढून घातलेले हाड, आणि वर्षभराची खाट. वडिलांनी त्या वर्षी शेत बटईने दिले. तेव्हा नाना, मेव्हण्यांना माझा फोन क्रमांक द्या. मी त्यांच्याशी स्वतः बोलेन.

वजन टाकण्याबद्दल आणखी एक विचारा. भाच्याच्या त्या पायातल्या बुटाला पूर्वी पाच सेंटिमीटरचा उंच सोल होता ना?

प्रेषक: अप्पा (सामान नोंदणी)

सोलचा येथे काय संबंध आहे, ते कळले नाही. १४ तारखेची एक जागा मी नानांसाठी राखून ठेवली आहे. उद्या संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही कळवावे, कारण काकू लोणच्याच्या बरण्यांसाठी थांबल्या आहेत.

प्रेषक: नाना, अमळनेरकर

अक्का, जिभाऊ, आपले उपकार कसे फेडू? आज दीड तास फोनवर होतो.

तंबाखू नाही. ड जीवनसत्त्व कधीच तपासलेले नव्हते, ते उद्या तपासतील. इंजेक्शन गल्लीतले डॉक्टर आठवड्यातून दोनदा देत होते, आणि शस्त्रक्रिया करणाऱ्यांना त्याची कल्पनाच नव्हती. नटांचे विचारले तेव्हा मेव्हणे बराच वेळ गप्प राहिले. मार्केट यार्डातून रात्री नऊला घरी आल्यावर ते दहा नंबरचा पाना घेऊन चारही वेळांचे एकदाच फिरवत असत. पोराला दिवसा उठवायला नको, दुखते, म्हणून. त्यांचा हेतू मायेचाच होता, त्यामुळे मी काही बोललो नाही.

जिभाऊ, आपला प्रश्न वर्मी लागला. तोच जुना उंच बूट तो अजून घालत होता. पाय पाच सेंटिमीटर वाढला आणि खाली सोलही पाच सेंटिमीटरचा, मग गुडघा वाकवून, टाच अधांतरी ठेवून, सगळा भार दोन्ही कुबड्यांवर. तीन महिने त्या पायावर वजन पडलेच नाही, आणि आम्ही सगळे एक्स-रेकडे बघत बसलो. आज दुपारी ताईने तो बूट चौकातल्या मोच्याकडे नेला. त्याने रापीने रबराचे थर एकेक सोडवले आणि दोन्ही बूट फरशीवर शेजारी ठेवून पाहिले. संध्याकाळी भाचा वॉकर धरून ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाय टेकवत गेला.

सोमवारी नाशिकला दाखवायचे आहे. नटांची आणि इंजेक्शनांची हकिकत ताई लिहूनच नेणार आहे. हाड थोडे दाबून पुन्हा ताणायचे, की नुसती वाट पाहायची, ते डॉक्टर ठरवतील. आखाजीला रिंगांवर घालायला ढगळ पायजमा शिवायला टाकला आहे.

अप्पा, १४ तारखेची जागा काकूंच्या बरण्यांना द्यावी.